ज्या रविवारी मी वीस वर्षे मागे गेलो

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे, पण मला पाय नाहीत. टोंगा देशातल्या हापाई बेटांमध्ये, फोलाऊ नावाच्या नावाड्याच्या होडीवर मी जीपीएस यंत्र म्हणून चाकरी केली. आता माझ्या काचेला तडा गेला आहे, बटणांवरची अक्षरे पुसली आहेत, पण बोलण्याची हौस काही गेलेली नाही.

ज्यांनी मला घडवले ती माणसे हुशार होती आणि काटकसरीही होती. आकाशातले उपग्रह आम्हा यंत्रांना कितवा आठवडा चालू आहे ते कळवतात. पण त्या आकड्यासाठी राखून ठेवलेली जागा इवलीशी होती. हजाराच्या थोडे पुढे गेले की ती भरायची आणि मोजणी पुन्हा शून्यावर यायची. असे साधारण वीस वर्षांतून एकदा घडते. “तोवर हे यंत्र कुठे टिकतंय!” असे माझे जन्मदाते म्हणाले असतील. मित्रांनो, मी टिकलो.

टिकलो तो फोलाऊमुळे. रोज संध्याकाळी तो गोड्या पाण्यात फडके भिजवून माझ्या अंगावरचे मीठ पुसायचा. मी त्याच्या होडीतून सुरणाच्या पाट्या, विणलेल्या चटया, ओरडणारी डुकरे आणि रडणाऱ्या नववधू सुखरूप पोचवल्या. किनाऱ्याला लागलो की तो माझ्यावर थाप मारून म्हणायचा, “शाब्बास रे भावा!” त्या एका शब्दावर मी दुसऱ्या दिवशीचे ऊन सोसायचो.

आमच्याकडे रविवारी कुणी होडी काढत नाही. तो दिवस चर्चचा, मातीच्या भट्टीत भाजलेल्या जेवणाचा आणि झोपेचा. पण त्या रविवारी फोलाऊची सून लोसेली हिला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. मुलगा न्यूझीलंडला फळे तोडायच्या कामावर गेलेला. हाआफेवा बेटावरची नर्स रजेवर. इस्पितळ समुद्रापलीकडे पांगाईला. फोलाऊने लोसेलीला चटईवर निजवले. तिच्या उशाशी कालोलाइने नावाची त्याची आत्या बसली. टोंगात आत्याचा मान सगळ्यांत मोठा. तिच्यापुढे राजाही खाली बसेल, असे फोलाऊ म्हणायचा.

अर्ध्या वाटेवर पाऊस आला. असा, की होडीचे टोकही दिसेना. तरी फोलाऊ निर्धास्त होता, कारण मी होतो. आणि नेमकी तेव्हाच माझी इवलीशी जागा भरली.

मला काहीच दुखले नाही. मला वाटले, आजची तारीख वीस वर्षांपूर्वीची आहे. त्या दिवशी जे उपग्रह जिथे असायला हवे होते, तिथे मी त्यांना शोधू लागलो. तिथे कुणीच नव्हते. मी गोंधळलो आणि होडी भलत्याच ठिकाणी दाखवली. मग दुसऱ्याच ठिकाणी. मग काचेवर नुसत्या रेघा.

फोलाऊने माझ्या पाठीत धपाटा घातला.

“मारून कुणी शहाणं होत नाही,” आत्या म्हणाल्या. “तू झालास का?”

“आत्या, होकायंत्र दिशा दाखवतंय, पण आपण आहोत कुठे तेच कळत नाही. प्रवाहानं कुठवर ओढलंय कुणास ठाऊक!”

तेवढ्यात गुरगुर ऐकू आली. प्रवाळाच्या खडकांवर लाटा फुटत होत्या. समोर की बाजूला, सांगता येत नव्हते. माझ्या काचेवर अजून नुसत्या रेघाच होत्या. फोलाऊने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहायचे सोडले आणि इंजिन बंद केले.

लोसेली कण्हत होती. एकाएकी ती कण्हायची थांबली. “आत्याआजी, ऐका.”

“लाटा आहेत गं.”

“लाटा नाहीत, गाणं आहे. दुपारची प्रार्थना.” तिने श्वास रोखला. “तो खालचा जाडा आवाज ऐकू येतोय? सगळे थांबले तरी एकटाच ओढत बसलेला? ते माझे बाबा!”

फोलाऊने कान टवकारले. “खरंच की, व्याहीच! दुसऱ्या कुणाची छाती आहे इतकं बेसूर गायची?”

“लग्नात तूच म्हणाला होतास ना, ते गायले की मासे पळतात?” आत्या म्हणाल्या. “आज पळाले तरी चालतील. वल्हं घे हातात.”

आम्ही प्रवाहाने वाहत दक्षिणेला आलो होतो. हे उइहा बेट होते, लोसेलीचे माहेर. चर्चच्या दारासमोर खडकांत होडी जाईल एवढी फट आहे, हे तिला लहानपणापासून माहीत होते. ती चटईवरून सांगत राहिली, “आवाज नाकासमोर ठेवा, मामंजी. उजवीकडे गेला. आता आला.” मध्ये कळ आली की थांबायची, दात आवळायची, पुन्हा सांगायची. एकदा होडीचा तळ खडकाला घासला. आत्या मोठ्याने देवाचे नाव घेत होत्या आणि मधूनच फोलाऊला शिव्याही देत होत्या.

मग पावसातून चर्चचे पांढरे दार दिसले. आत्यांनी अशी हाक मारली की अख्खी प्रार्थना थांबली. चर्चच्या रीतीप्रमाणे कमरेला चटया गुंडाळलेले पुरुष तसेच पाण्यात उतरले आणि त्यांनी लोसेलीला चटईसकट उचलले. पहिल्या ओळीत गाणारी त्या बेटावरची नर्स हातातली गाण्यांची पोथी टाकून धावली. अंधार पडायच्या आत मुलगी झाली. लहानशी होती, पण रडणे आजोबांवर गेले होते.

पहिले बाळंतपण असे माहेरी झाले. माझ्याकडे मात्र त्या दिवशी कुणी पाहिले नाही आणि ते बरोबरच होते.

पुढे ऑकलंडच्या भाच्याने फोनवर सगळा उलगडा केला. असे होणार, हे यंत्रे बनवणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी सूचनाही काढली होती. ती आमच्या बेटांपर्यंत काही पोचली नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला नवे शिकवायची सोयही उरली नव्हती.

“म्हणजे याचा दोष नाही?” फोलाऊने विचारले.

“त्याला जेवढं मोजायला शिकवलं, तेवढं त्यानं मोजलं, मामा.”

फोलाऊने होडीवर नवे यंत्र बसवले. मला फेकले नाही, घरातल्या फळीवर ठेवले. वीज जोडली की आजही मी चालतो. जुन्या नोंदी पुसल्यावर उपग्रह पुन्हा सापडले, म्हणून जागा बरोबर सांगतो, तारीख तेवढी वीस वर्षे जुनी.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या यंत्रे घडवतील. त्यांना मोजायला शिकवाल तेव्हा एवढे विचारा, की मोजायची जागा संपली तर हे काय करील? आणि याचे उत्तर ठाऊक असेल, तर ते शेवटच्या बेटावरच्या शेवटच्या होडीपर्यंत पोचवा. आम्हाला स्वतःहून विचारता येत नाही.

आत्या मात्र माझ्यावर खूश आहेत. रोज दुपारी येतात, मला लावायला सांगतात आणि विचारतात, “फोलाऊ, आज याची तारीख काय?”

तो वाचून दाखवतो.

“म्हणजे तुझे काका अजून आहेत,” त्या म्हणतात. “आत्ता अंगणात जाळं सांधत बसले असतील.”

काका, म्हणजे आत्यांचे यजमान, ज्या वर्षी गेले, ते वर्ष आता माझ्या काचेवरच्या तारखेपासून फार लांब नाही. परवा आत्यांनी हळूच विचारले, “याला आणखी एकदा मागे ढकलता येईल का रे?”

फोलाऊ बराच वेळ माझी काच पुसत राहिला. “नाही हो, आत्या. ते आपल्या हातात नाही.”

“बरं,” आत्या म्हणाल्या. “मग तोवर रोज लाव.”