नात्याचा रकाना

दाव्याच्या अर्जात ‘मृत व्यक्तीशी नातं’ या शब्दांपुढचा रकाना चार सेंटिमीटर लांब आणि सहा मिलिमीटर उंच होता. विसालने तो पट्टीने मोजला होता. जॉर्डनमधल्या सल्त गावी मुलींच्या शाळेत तिने चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि मोजल्याशिवाय तिला कशाहीबद्दल मत देता येत नसे. त्या जागेत ‘भाऊ’ सहज मावला असता. तिने ‘शेजारी’ लिहिलं.

पाच दिवसांत नकाराचं पत्र आलं. निवृत्त शिक्षिकांच्या इस्तंबूलच्या सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी गाज़ी वारला, म्हणून तिने आपलं जाणं रद्द केलं होतं आणि विम्याकडे सहलीचे पैसे मागितले होते. विमा फक्त आईवडील, नवरा, मुलं आणि भावंडं यांच्या मृत्यूला लागू होता. पत्रात पुढे लिहिलं होतं: ‘मृत व्यक्ती आपला भाऊ नाही, अन्य कोणी नातेवाईकही नाही.’ खाली सही आणि निळा शिक्का.

ते वाक्य विसालने दोनदा वाचलं आणि पत्र पर्समध्ये ठेवलं. पर्सच्या त्याच कप्प्यात तिने मग आणखी एक कागद ठेवला, एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा, शरिया न्यायालयाचा. तीन आठवडे ती दोन्ही घेऊन फिरत होती. धाकट्या बहिणीला, लमीसला, ते कागद सापडले तेव्हा ती तिला ओढतच अम्मानला कंपनीच्या कचेरीत घेऊन आली.

“विमा काढलास तेव्हाच म्हटलं होतं,” लमीस जिना चढताना म्हणाली, “ते पैसे विहिरीत टाक. निदान बुडुक असा आवाज तरी येईल.”

दावे तपासणाऱ्या अरवाबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी वेलचीची कॉफी मागवली, मग फाइल उघडली.

“शेजाऱ्याला विमा लागू नाही, बाई. रोज कोणाचा ना कोणाचा शेजारी जातो.”

“शेजारी कसला!” लमीस म्हणाली. “दूधभाऊ होता. लहानपणी त्याची आई तापाने फणफणली होती, तेव्हा आमच्या आईने त्याला नऊ दिवस अंगावर पाजलं. सगळ्या सल्तला ठाऊक आहे.”

सगळ्या सल्तला ते उशिरा कळलं होतं. गाज़ीचे आईवडील त्याला तान्हा असतानाच कुवेतला घेऊन गेले. तो परतला तो भूगोलाचा मास्तर होऊन. वर्षभराने त्याच्याकडची अकरा वडीलधारी माणसं विसालला मागणी घालायला आली. रीतीप्रमाणे होकार मिळेपर्यंत कोणी कॉफीला ओठ लावत नव्हतं. आतल्या खोलीत गाज़ीची आई बायकांना कौतुकाने सांगू लागली, “परकं घर नाहीच हे. माझा गाज़ी यांच्याच दुधावर वाचला.” विसालच्या आईने मान डोलावली. मग दोघींच्या एकदम लक्षात आलं: एका आईचं दूध प्यायलेल्यांना धर्म सख्खी भावंडंच मानतो. बाहेर अकरा पेले तसेच निवले.

विसालने तेव्हाही हिशेब केला होता. दिवसाला आठ वेळा, नऊ दिवस, म्हणजे बहात्तर वेळा. न्यायाधीशांना इतके आकडे लागले नाहीत. ही दोघं दुधाची भावंडं आहेत, लग्न होऊ शकत नाही, असं त्यांनी दीड ओळीत लिहून दिलं. पुढे गाज़ीचं लग्न झालं, मुलं झाली. विसालने लग्न केलं नाही. दर ईदला तो भावाच्या रीतीने बहिणीची ईदी घेऊन येई आणि दहा-अकरा मिनिटं बसे. तिने त्याला कधी भाऊ म्हटलं नाही. गाज़ीच्या दुखवट्याच्या तिन्ही दिवशी मात्र त्याच्या घरच्यांनी तिला बहिणीच्या जागी बसवलं. ती बसली.

“दूधभावाचं आमच्या नियमांत स्पष्ट काही नाही,” अरवाबाई म्हणाल्या. “पण न्यायालयाचा कागद असेल तर मी भाऊ धरीन. वरच्यांचं मी बघते.”

“आहे की!” लमीसने पर्सकडे बोट दाखवलं. “काढ ना, ताई. आयुष्यभर त्या कागदाने तुला काही दिलं नाही. आज तरी देऊ दे.”

विसालने पर्स उघडली. दोन्ही कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कडा जुळवल्या.

“तुमच्या पत्रातलं हे वाक्य,” तिने विचारलं, “कंपनीच्या वतीने आहे? अधिकृत?”

“अर्थात. शिक्का आहे ना.”

“आणि मी तो कागद दिला तर हे पत्र रद्द होईल?”

“हो. नवीन पत्र मिळेल. त्यात तुम्हाला भावंडं म्हणून लिहू.”

विसालने न्यायालयाच्या कागदाची घडी घालून तो लमीसच्या हातात दिला. कंपनीचं पत्र पर्समध्ये ठेवून चेन लावली. मग समोरची कॉफी उचलली आणि एक घोट घेतला.

“अगं, काय करतेस?” लमीस म्हणाली.

“मी दावा मागे घेते,” विसाल अरवाबाईंना म्हणाली. “तुमचा निर्णय बरोबर आहे. गाज़ी माझा भाऊ नव्हता.”