थांबलेला अंगठा

लोक पत्रातून माफी मागतात, हे निशिवाकीला मुळीच आवडत नसे. उत्तर देताना मग आपल्यालाही माफी मागावी लागते. आणि ओरिहारा फुमिए नावाच्या एका बाईंशी त्याची ही माफीची देवाणघेवाण अख्खा हिवाळाभर चालली होती.

मामला एका जुन्या कीबोर्डचा होता. त्याच्या प्रत्येक बटणावर दोन-दोन अक्षरं, आणि खाली मधोमध अंगठ्यांसाठी दोन रुंद बटणं. बोटाबरोबर अंगठाही दाबला की त्याच बटणावरचं दुसरं अक्षर उमटतं. हा कीबोर्ड बनणं कधीच बंद झालं, पण ज्यांच्या हातात तो बसला त्यांना दुसरा कुठलाच गोड लागत नाही. नव्या कॉम्प्युटरला त्याचं बोलणं कळत नाही म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तो दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटासा प्रोग्राम, निशिवाकी सांभाळायचा. आठवडाभर मात्सुए शहराच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉम्प्युटर, आणि सुट्टीच्या दिवशी हे काम, तेही फुकट. पन्नाशी उलटलेला, एकटा राहणारा, टापटिपीचा माणूस. ड्रायव्हर मुळात लिहिणारे गृहस्थ वारले तेव्हा तो आपणहून पुढे झाला होता. गेल्या शरदात त्याने सगळा प्रोग्राम झाडूनपुसून लख्ख केला होता, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

ओरिहाराबाईंचं पहिलं पत्र त्यानंतरच आलं. ‘तुमचा ड्रायव्हर उत्तम चालतो. माझीच बोटं म्हातारी झालीत. वाक्याचं पहिलं अक्षर अधूनमधून चुकतं. सरावाची काही पद्धत असेल तर कृपया सांगाल का? तसदीबद्दल क्षमस्व.’

निशिवाकीने घरी पानंच्या पानं टाइप करून पाहिली. एक अक्षर चुकलं नाही. मग त्याने बाईंना बोटांचे व्यायाम लिहून पाठवले, वर ‘माझ्याकडूनही काही कमी पडलं असल्यास क्षमा असावी’ असंही लिहिलं. बाईंनी व्यायाम केले. आभार मानले. फरक पडत नाही याबद्दल पुन्हा माफी मागितली. दोघांच्या या सभ्यपणात खरी चूक कोतात्सूच्या, म्हणजे शेकोटीच्या टेबलाच्या, उबेत पाय घालून हिवाळाभर आरामात बसली होती. बाईंनी एकदा जरी खडसावलं असतं, की अहो, तुमचा प्रोग्राम बिघडलाय, तर तो तिथल्या तिथे कामाला लागला असता. पण आपल्याकडे असं कोण लिहितं?

वसंतात शेवटचं पत्र आलं. ‘मी बहिऱ्या लोकांसाठी सभांमधलं बोलणं पडद्यावर लिहिण्याचं काम करते. चुकीचं अक्षर वाचायला लावणं त्यांच्यावर अन्याय आहे. येत्या रविवारच्या समाजकेंद्रातल्या सभेनंतर मी हे काम थांबवते आहे. कीबोर्ड तुमच्या उपयोगाचा असेल तर आनंदाने देईन.’

खरं सांगायचं तर निशिवाकीच्या मनात पहिला विचार आला तो कीबोर्डचाच. सुट्या भागांसाठी असा एखादा तो कधीपासून शोधत होता. लाज वाटली, ती नंतर. रविवारी तो कीबोर्ड बांधायला एक कोरी फुरोशिकी, म्हणजे गाठोड्याचं चौकोनी कापड, आणि आपला लॅपटॉप घेऊन समाजकेंद्रात पोचला.

पूर आला तर कुठे जायचं यावर नगरपालिकेचा एक अधिकारी बोलत होता. पडद्याच्या आडोशाला दोघी बसल्या होत्या. एक ओरिहाराबाई, बारीक चणीच्या, राखाडी स्वेटरमधल्या. दुसरी त्यांची जोडीदारीण होसाका, चाळिशीची, फटकळ तोंडाची. एकीने एक वाक्य लिहायचं, तोवर दुसरीने पुढचं कानात साठवायचं, मग कोपराला कोपर लावून पाळी बदलायची. या कामाचा नियम मोठा कडक. बोलणारा जे बोलला तेच पडद्यावर. स्वतःचा एक शब्दही घालायचा नाही, चूक झाली तर ‘माफ करा’सुद्धा नाही. बाईंची सगळी माफी निशिवाकीच्या पदरात का पडत होती ते त्याला आत्ता कळलं.

तो त्यांच्या मागे खुर्चीवर बसून बाईंचे हात पाहत राहिला. बोटं म्हातारी वगैरे काही नव्हती. पण चूक होत होती खरी. होसाकानंतर बाईंची पाळी आली की बरेचदा पहिलं अक्षर भलतंच पडायचं, आणि दर वेळी बाईंचे खांदे किंचित आत जायचे. ते पाहणं निशिवाकीला जड गेलं.

मग त्याने बोटं सोडून अंगठ्याकडे पाहिलं. होसाका लिहीत असे तेव्हा बाई मान तिरकी करून ऐकायच्या, आणि त्यांचा उजवा अंगठा त्या रुंद बटणावर टेकलेला असायचा. नुसता टेकलेला नाही, हलकासा दाबलेला. ऐकताना आपण एखाद्याचा हात धरून ठेवतो तसा.

घोडं कुठे पेंड खात होतं ते त्याला लख्ख दिसलं. हा जुना कीबोर्ड बटण दाबून ठेवलं की पुन्हापुन्हा कळवत राहतो, दाबलंय, दाबलंय, अजून दाबलंय. ड्रायव्हर प्रत्येक निरोप नवा धरत होता. अंगठा उचलला तरी त्याच्या लेखी एक अंगठा शिल्लक राहायचा आणि तो पुढच्या अक्षराला जाऊन चिकटायचा. मूळ प्रोग्राममध्ये हे निरोप गाळणारी एक ओळ होती. शेजारी काही खुलासा नव्हता, म्हणून साफसफाईत निशिवाकीनेच ती काढून टाकली होती. त्याच्या घरी कधी बिघडलं नाही, कारण घरी तो एकटाच टाइप करायचा. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. आणि वर हिवाळाभर त्याने उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत लोक आपापले बेन्तोचे डबे उघडून बसले, तेव्हा तो पुढे गेला.

“मी निशिवाकी. ओरिहारा-सान, तुमची बोटं चांगली आहेत. चूक माझी आहे.”

बाई उठून वाकल्या. “छे छे, तुम्ही एवढ्या लांब आलात, वर हेही बोलताय. फार चांगले आहात.”

“चांगुलपणाने नाही बोलत. हे बघा.” तो त्यांच्या खुर्चीवर बसला, अंगठा दाबून थोडा थांबला, उचलला, आणि टाइप केलं. पहिलं अक्षर चुकलं.

बाई हळहळल्या. “प्रवासाने तुमचेही हात थकले असतील.”

होसाकाने चॉपस्टिक खाली ठेवल्या. “सरका तुम्ही. माझे हात कशानेच थकत नाहीत, नवऱ्याला विचारा.” तिला हा कीबोर्ड येत नव्हता, पण अंगठा दाबून थांबायला आणि मग एक अक्षर मारायला काय लागतं? तिचंही चुकलं. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चुकलं. “ओरिहारा-सान, मी गेले कित्येक महिने मनातल्या मनात तुम्हाला म्हातारी म्हणत होते. घ्या, बोलून टाकलं.”

बाईंनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जसे काही कोणी दूर नेलेले परत आणून दिले होते. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते स्वेटरच्या बाहीने टिपले.

निशिवाकीने तिथेच ती ओळ परत घातली. या वेळी तिच्या शेजारी खुलासाही लिहिला: ‘माणूस ऐकत असेल तर अंगठा थांबलेला असतो. ही ओळ काढू नये.’

“आता तरी काम थांबवायचं नाही ना?” त्याने विचारलं.

बाई अवघडल्या. “मी सगळ्यांना कळवून बसलेय. आणि आरिमुरा-सानसारख्या लोकांनी इतके दिवस माझी गचाळ अक्षरं सोसली. तोंडाने कोणी बोललं नाही, पण सुटलो म्हणाले असतीलच.”

म्हातारे आरिमुरा पहिल्या रांगेत बसायचे. जहाजांच्या कारखान्यात आयुष्य काढलं, तिथल्या ठोकाठोकीत कान गेले. बाईंची बोटं निशिवाकी सोडवू शकला होता, पण बाईंनी स्वतःला दिलेली शिक्षा त्याच्या प्रोग्रामच्या बाहेरची होती. त्याने फुरोशिकी मांडीवर ठेवली आणि मागे जाऊन बसला.

दुपारचं भाषण सुरू झालं. पाळ्या बदलत राहिल्या. एकही अक्षर चुकलं नाही. पडद्यावर ओळी कशा सरळ, स्वच्छ उतरत होत्या. तेवढ्यात आरिमुरांनी हात वर केला. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज सभागृहभर घुमला.

“मध्येच बोलतोय, पण ओरिहारा-सान गेल्या की काय? पडद्याआडचं मला इथून दिसत नाही.”

अधिकारी थांबला. सभेत कोणीही बोललं तरी ते लिहायचं, असा नियम. पाळी ओरिहाराबाईंची होती. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘ओरिहारा-सान गेल्या की काय?’

“सकाळपर्यंत होत्या,” आरिमुरा म्हणाले. “त्या लिहायला लागायच्या आधी एखादं अक्षर वेडंवाकडं पडायचं. आमची बायको बोलण्याआधी घसा खाकरायची, तसं. मी आपला सावरून बसायचो, की आता बाईंचं वाक्य येणार. कान गेल्यापासून एवढा एकच आवाज मला ओळखता यायचा. जेवणानंतर सगळं एकसारखं झालंय. त्या गेल्या असतील तर निदान नमस्कार तरी करू द्यायचा होता.”

बाईंनी हे सगळं लिहिलं. शब्द न शब्द लिहिला, बायकोच्या घशासकट. शेवटचं वाक्य संपलं. होसाकाने पाळी घ्यायला कोपर पुढे केलं, बाईंकडे पाहिलं, आणि मागे घेतलं.

मग नव्या ओळीवर, सगळी अक्षरं अगदी बरोबर, असं उमटलं:

‘एहेम. मी इथेच आहे.’

लोक हसले. आरिमुरा खुर्चीत सावरून बसले. निशिवाकीने कोरी फुरोशिकी पुन्हा घडी घालून खिशात ठेवली.