बंपरवरचा लाल डाग

मी बोलतोय. इकडंतिकडं पाहू नका, तुम्ही ज्याच्यावर बसलात तोच मी. आज सोनाळ्याच्या थांब्यावरचं बाकडं आहे, पण जन्मानं मी एका जीपचा पुढचा बंपर. एस.टी.ला अजून अवकाश आहे म्हणून तोंड उघडतोय. तुमची पिशवी मात्र खाली ठेवू नका, मांडीवर घ्या. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

हा स्वभाव मी माझ्या मालकांकडून, वामनरावांकडून उचलला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास त्यांनी लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी जीप आणली. त्यांचा मळा गावापासून लांब, सातपुड्याच्या पायथ्याशी. वाटेत नाला, दगडगोटे, पलीकडं झुडपी जंगल. जीपचा मूळ बंपर अगदीच लेचापेचा होता. एका रानडुकरानं धडक दिली आणि तो दुमडून चाकाला लागला. वामनराव म्हणाले, डुक्कर वगैरे काही नाही, ड्रायव्हरनंच कुठंतरी ठोकली असणार. दुमडलेल्या पत्र्यात अडकलेले राठ केस दिसले, तेव्हा कुठं गप्प बसले.

मग ते जीप घेऊन खामगावला गुलाबराव मिस्त्रींच्या कारखान्यात आले. तिथं माझा जन्म झाला.

गुलाबरावांनी जीपच्या तोंडापुढं उकिडवं बसून आधी जाड पुठ्ठा कापला. लावून पाहिला, पुन्हा कापला, पुन्हा लावला. म्हणजे मी आधी पुठ्ठ्याचा होतो म्हणा ना! मग त्या साच्यावरून पोलादी पाट्यावर खडूच्या रेघा ओढल्या. पाटा वामनरावांनी स्वतः निवडून आणला होता आणि मिस्त्री तो बदलून टाकेल या भीतीनं त्यावर छिन्नीनं खूण केली होती. ती खूण अजून माझ्या अंगावर आहे. वामनराव स्टूल टाकून बसले ते उठायचं नाव घेईनात. चहासुद्धा तिथंच. मिस्त्री नुसता शिंकला तरी यांची नजर लोखंडावर.

गॅसच्या ज्योतीनं गुलाबरावांनी माझी दोन्ही टोकं खालून तिरकी कापली, तसे वामनराव ताडकन उभे राहिले.

"काऊन कापलं हो मिस्त्री? माहं लोखंड कमी काऊन करून राह्यले?"

"टोक सरळ ठेवलं तं नाल्याच्या दरडीत घुसते, मालक. गाडी वर चढाले लागली का तिथंच अडकते. तिरकं असलं म्हणजे चाक पह्यले टेकते."

"अन् हे तुकडे?"

"तुमचेच आहेत. न्या घरी."

वामनरावांनी ते दोन तिकोनी तुकडे गरम असतानाच पोत्यात गुंडाळून जीपमध्ये टाकले.

त्यांच्याच हट्टानं मला इतकं रुंद केलं की वर ताट ठेवून जेवता यावं. जीपच्या चासीवर बसवायला पाठीमागं दोन जाड कान जोडले. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या तेव्हा वामनराव डोळ्यांवर पंचा धरून फटीतून बघायचे. कान आणि पाटा यांच्यामध्ये एका जागी मिस्त्रींनी बारीक फट ठेवली, पाणी निघून जावं म्हणून. वामनरावांना ती कामचुकारपणाची वाटली. मलाही तेव्हा तसंच वाटलं. तुम्हीही ती फट ध्यानात ठेवा.

जीपचा ड्रायव्हर दयाराम. गावातल्या बौद्ध वस्तीतला, बोलणं कमी, हात सारखे कामात. रोज सकाळी तो वाकून माझ्या पाठीमागं हात घालायचा आणि बोल्ट चाचपायचा. मला वाटायचं, हा मला सैल करून एक दिवस भंगारात विकणार! उलट मी रोज थोडा घट्टच होत होतो, हे कळायला मला बराच काळ लागला.

दसऱ्याला वामनराव त्याला म्हणाले, "दयाराम, गाडीले कुंकू लाव, नारळ फोड."

"गाडी धुतो, तेलपाणी करतो, मालक. पूजा तुमी करा. आमी सोडलं ते."

वामनरावांनी स्वतः कुंकू लावलं, नारळ फोडला. पण ज्याला गाडीची पूजा नको, त्याच्या हातात गाडी कशी द्यावी, हे त्यांच्या मनात बसलं ते बसलंच.

त्यानंतरचा पोळा आला. झिमझिम पाऊस होता. मळ्यातल्या गड्यांना पुरणपोळीचं जेवण पोचवून दयाराम परत येत होता. नाल्यातून वर चढण्याआधी त्यानं जीप थांबवली. तिकडं गावात पोळा फुटायचं तोरण तुटलं, वाजंत्री दणाणली आणि उकंडरावांचा नवा बैल बिथरला. उकंडरावांचं वावर आमच्या मळ्याला लागून, म्हणून बैलाच्या पायाखालची वाट हीच. कासरा तोडून तो दरडीवरून धावत उतरला तो थेट माझ्यावर. त्याचं शिंग माझ्या टोकावरून घासत मागं घुसलं, पाय गोट्यावरून घसरला आणि तो कोसळला. जीप उभी होती. हे मी पाहिलं, आणि दयारामशिवाय पाहायला दुसरं कोणीच नव्हतं.

दयारामनं उडी टाकली. बैलाच्या पायातून रक्त वाहत होतं. यानं अंगातला शर्ट काढून पायाला आवळून बांधला. एकट्याला बैल उठवेना, तेव्हा तसाच जीप घेऊन गावात आला आणि चावडीपुढं भरल्या माणसांत आपणहून सगळं सांगितलं.

माणसं बैलाकडं धावली. उकंडराव मात्र माझ्याजवळ थांबले. माझ्या टोकावर लाल डाग होता.

"हे रक्त कायचं?"

"रक्त नाही ते, शिंगाचा रंग असन," दयाराम म्हणाला. "मले एकदा पाहू द्या."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "कुंकू असन."

"हा कुठं कुंकू लावते गाडीले?" वामनराव कडाडले. "अन् तू हात लावू नको, दयाराम. पुसून टाकशीन. पोलीस पाटील सकाळी येतीन, ते पाहतीन. चाबी दे."

"मालक, गाडी उभी होती. मी खोटं नाही बोलून राह्यलो."

"खोटारडा आहेस तू! पोळ्याच्या दिवशी बैल पाडला, अन् वरून तोंड वर करून सांगाले आला!"

दयारामनं चावी त्यांच्या हातात दिली नाही. माझ्यावर ठेवली आणि उघड्या अंगानं पावसात वस्तीकडं चालत गेला. त्याचा शर्ट कुठं आहे, हे कोणी विचारलं नाही.

सकाळी वामनराव एकटेच अंगणात आले. दयारामनं रागानं माझे बोल्ट ढिले केले असतील, असा त्यांना नवा संशय. म्हणून वाकून माझ्या पाठीमागं हात घातला. त्या फटीशी त्यांची बोटं अडली. बाहेर काढली तर बोटांत चकचकीत तुकडा! शिंगाच्या टोकाला चिकटवलेलं बेगड. जीपनं समोरून धडक दिली असती तर ते माझ्या पाठीला कसं आलं असतं? मग त्यांनी लाल डागावर बोट घासलं. बोटाला तेलकट रंग लागला.

मला वाटलं, आता हे वस्तीकडं जातील. ते घरात गेले. रॉकेलची बाटली आणि पाण्याची बादली घेऊन आले आणि मला स्वतःच्या हातांनी धुऊन लख्ख केलं. बेगड खिशात गेलं. पाटील आले तेव्हा हे म्हणाले, "ड्रायव्हरले काढून टाकलं. मिटलं आता." वर त्या जायबंदी बैलाच्या बदल्यात आपल्या गोठ्यातला एक बैल उकंडरावांच्या दारात नेऊन बांधला. वामनराव किती दिलदार, असं गावभर झालं. एवढं कौतुक झाल्यावर खरं बोलणं आणखीच जड गेलं असावं. मला त्यांची चीड आली, आणि ती बराच काळ गेली नाही.

मुकं जनावर चिरडणारा ड्रायव्हर, हे नाव दयारामला चिकटलं. आसपासच्या गावांत कोणी त्याच्या हाती गाडी देईना. तो बायकोपोरांना घेऊन खामगावला गेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलू लागला. पुढं कधीतरी एस.टी.त लागला.

इकडं जीप विकली गेली. घेणाऱ्याला मी नको होतो, म्हणून मी गोठ्यात पडून राहिलो. गावात थांबा झाला तेव्हा वामनरावांनी मला बाकड्यासाठी दिलं. माझ्या पायांखाली पाचर म्हणून ठोकलेत ना, ते तेच दोन तिकोनी तुकडे. जपून ठेवले होते त्यांनी!

मग एक दिवस एस.टी. आली आणि स्टिअरिंगवर दयाराम होता. तेव्हापासून वामनराव रोज गाडीच्या वेळेला इथं येऊन बसू लागले. कुठं जायचे नाहीत, कोणाला आणायचे नाहीत. एक हात खिशात. गाडी गेली की घरी. दयाराम समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघायचा. मला संशय यायचा, हा म्हातारा आता आणखी कसली पाळत ठेवतोय?

यंदा पोळ्याच्या आधी कंडक्टर चहाला गेला आणि दयाराम खाली उतरला. पहिल्यांदाच माझ्यावर बसला. एका टोकाला वामनराव, दुसऱ्या टोकाला तो. सवयीनं त्याचा हात माझ्याखाली गेला, बोल्टच्या जागा चाचपत त्या फटीशी थांबला. त्यानं नखानं काहीतरी ओढून काढलं. बेगडाची चिंधी. वामनरावांच्या हातून राहून गेलेली, कडेनं काळी, मधे अजून चमकणारी.

वामनरावांनी खिशातला हात बाहेर काढला. त्यांच्या तळव्यावर तसाच तुकडा होता, हाताळून मऊ झालेला.

"मले दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं, दयाराम."

"मालूम आहे."

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणी कायले सांगन? मले हात लावू नाही देला, पुसून टाकशीन म्हणून. अन् सकाळी मी शर्ट पाहाले नाल्याकडं चाललो होतो, तं तुमीच गाडी धुऊन राह्यले होते. त्याच्या आंधी कधी धुतली होती का तुमी गाडी, वामनराव?"

‘मालक’ नाही म्हणाला तो. ‘वामनराव’ म्हणाला.

"मंग तू बोलला काऊन नाही?"

"बोललो तं होतो. चावडीपुढं."

"माहं चुकलं रे."

"मले नका सांगू. मले तं माहीतच होतं. ज्याईच्यासमोर खोटारडा म्हटलं, त्याईले सांगा."

कंडक्टरनं घंटी दिली. दयारामनं ती चिंधी माझ्यावर ठेवली, कधीकाळी चावी ठेवली होती तशीच, आणि गाडीवर चढला.

चावडीपुढच्या त्या माणसांपैकी कितीतरी आता नाहीत. उकंडरावही गेले. त्या दिवशी गाडी गेल्यावर वामनराव घरी गेले नाहीत. मग उकंडरावांची बायको गोजरबाई टोपली घेऊन जाताना दिसली.

"गोजरबाई, जरा बसता का? तुमच्या बैलाचं सांगाचं होतं."

मला वाटलं, हा आता गोष्ट फिरवणार. पण त्यांनी काहीही लपवलं नाही. गाडी धुतल्याचंही सांगितलं. गोजरबाई पदराशी चाळा करत ऐकत राहिली.

"बैलाच्या पायाले कोणाचा तरी शर्ट होता," शेवटी ती म्हणाली. "रक्ताचा म्हणून मी चुलीत टाकला. कोणाचा आहे, विचारलंही नाही."

तेव्हापासून जो कोणी माझ्यावर बसेल, त्याला वामनराव हे सांगतात. लोकही कसे बघा! मागं कुजबुजतात, म्हातारा आताच काऊन सांगून राह्यला, काहीतरी मतलब असन. खोटं लगेच पटलं होतं सगळ्यांना. खऱ्याला मात्र मतलब विचारतात.

ते पाहा, काठी टेकत येताहेत. थोडं सरका, त्यांना जागा द्या आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. मग गाडी आली की चढताना ड्रायव्हरकडं एकदा नीट बघा. आणि हो, तुमची ती पिशवी आता खाली ठेवली तरी चालेल.