वास्कोहून उत्तर

जास्वंदीचं फूल अजून तिथंच होतं, मॉनिटरच्या काचेला ओलसर चिकटलेलं — मधुकरबाब सकाळी तसबिरींसोबत यंत्रालाही एक फूल वाहत, ऑफिसचे हेडक्लार्क असले तरी — आणि विमला कधीपासून त्याच्याकडेच बघत होती, उजवीकडे घसरतंय की डावीकडे. खाली कर्सर नुसता लुकलुकत होता.

सकाळी तिनं बार्जेसमधून, त्या सपाट मालबोटींतून, गेलेल्या खनिजाची महिन्याची जुळणी संगणकावर लावली, आणि त्या प्रोसेसनं नोंदींची फाइल अशी मुठीत धरली की डिचोलीच्या त्या खाण ऑफिसात कुणाचंच काम पुढे सरकेना. साधा किल, प्रोसेस थांबवायचा हुकूम, देऊन झाला. साधा किल म्हणजे विनंती — आवर, आटप, जा. ती ढिम्म. आता उरला वजा नऊ, जागीच मारणारा किल. त्यात विनंती नसते. तिनं आठवडाभर भरलेल्या नोंदीही त्यासोबत जातात. आणि समजा, ती जुळणी आत्ता संपतच आली असेल तर... या ‘समजा’चा तिला वीट आला होता.

“विमल, मारून उडय गो ती,” मधुकरबाब पाठीमागून म्हणाले. “लोक रावल्यात.”

“थोडां रावा, बाब.”

थांबा. हेच तर येतं मला. इब्रामपूरला आई आत्ता देवळात कौल लावून बसली असेल — शिवदाससाठी थांबायचं की लग्नाचं बोलणं मोडायचं, मूर्तीवरची पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे. गोवा राज्य झालं त्या साली बोलणं झालं होतं. मग शिवदासची वास्को बंदरातली नोकरी कायम व्हायची होती, मग घरावर स्लॅब पडायचा होता, मग त्याच्या बहिणीचं... मागल्या खेपेला म्हापशाच्या स्टँडवर तो सगळा वेळ फेरीबोटीच्या रांगेबद्दल बोलला, आणि बस लागली तसा खिडकी पकडायला धावला. तिनं वर केलेला हात मग केसांकडे नेला होता, कुणी बघितलं असेल म्हणून. तिला आईचा राग आला, देवाचा आला, त्या हाताचा तर फारच आला.

तिनं पुन्हा प्रोसेसची यादी काढली. सकाळपासून कितीदा काढली, पण दर वेळी नाव तेवढं बघितलं — आहे, जिवंत आहे. बाजूला काम किती झालं त्याचा आकडा असतो. तो तिनं आत्ता वाचला. पुन्हा यादी काढून वाचला. तोच. ती प्रोसेस काही करतच नव्हती. वास्कोच्या जेटीकडून आकडे मागून झोपली होती, आणि तिथली लाइन केव्हाच तुटली होती. वास्कोहूनच. हसू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो यंत्रावर नव्हता.

वजा नऊ. एंटर. यादीत नाव नव्हतं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हुश्श केलं.

फोन वाजला. आई, देवळाजवळच्या दुकानातून. “पाकळी पडूक नाय गो अजून. भटजी म्हणतत, आणि रवाया. रवतंय मी.”

‘बरं’ तिच्या ओठांवर आलंच होतं. “आई,” ती म्हणाली, “काढूक सांग ती पाकळी.”

मग आई हळूच म्हणाली, “अशी काढतत काय गो मदीच?”

विमलाला आठवडाभराच्या नोंदी पुन्हा भरायच्या होत्या, रडू यायला हवं होतं. पण सकाळपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती, सणसणीत, आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून ती डब्याकडे बघत राहिली.