इश्यू : एक

"इश्यू... वन," पल्लवीनं अडखळत वाचलं आणि कार्ड पुन्हा उजेडाकडं धरलं. "आज्जी, खालची ओळ पुसलीया. पाणी लागलंय हिला."

"आगं, पर इश्यू म्हंजे काय?"

"कॉलेजात भांडणतंटा झाला की आमी म्हणतो, इश्यू झाला. मासिकाच्या अंकाला बी म्हणत्यात." शेजारची ती पोर हसली. "हवालदार आजोबांनी तिकडं कुणाशी तरी भांडण काढलं आसंल."

रंगूबाई हसली नाही. तिचा नवरा मानसिंग, फौजेतला हवालदार, भांडणातला माणूस नव्हता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा म्हणून तिनं त्याची लोखंडी ट्रंक उपसली होती, आणि तळाच्या कागदाखाली हे कार्ड निघालं होतं. वरची कडा फाटलेली. मानसिंगचं नाव, नंबर, आसामातल्या तेजपूरचा शिक्का, साल चौऱ्याऐंशी. आणि हा शब्द.

दुसऱ्या दिवशी धनाजी रस्त्यात भेटला. तो कोरेगावच्या कोर्टात वकिलाकडं कारकून. रंगूबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कागदावर इश्यू एक लिवलं, तर काय समजायचं रं?"

"एक मूल. वारसाच्या कागदात रोजचाच शब्द हाय काकी. पोटच्या पोराला इश्यू म्हणत्यात. कुणाचा कागद हाय?"

"हाय एकीचा," म्हणून ती चालू लागली.

रंगूबाईची कूस उजवली नव्हती. सासूनं दुसऱ्या बायकोचं टुमणं लावलं, मुलगीही बघून ठेवली. तेव्हा रजेवर आलेला मानसिंग भरल्या घरात म्हणाला होता, "मला दुसरी करायची न्हाई. पुन्यांदा हा विषय काढला तर मी रजेलाच येणार न्हाई." त्या एका वाक्यावर रंगूबाईनं चाळीस वर्षं काढली. गावानं वांझ म्हटलं, ओटी भरताना बायकांनी तिला वगळलं, तेव्हा तेच वाक्य तिनं मनात घट्ट धरलं होतं.

आता तेच तिला टोचू लागलं. ज्याचं एक लेकरू तिकडं खेळतंय, त्याला इथं दुसरी कशाला हवी? आणि पंच्याऐंशीच्या रजेत त्यानं लोकरीची लाल टोपडी आणली होती, एवढीशी. "दुकानात दिसली, घेतली. दे कुणाच्या तरी पोराला," म्हणाला होता. पोर नसलेला माणूस टोपडी बघत दुकानात का थांबेल? रजेत घरी पत्रं लिहिताना तो तिच्याकडं पाठ करून बसायचा, ते का?

चार दिवस तिनं त्याच्या फोटोवरची धूळ पुसली नाही. भाकरी थापता थापता मोठ्यानं बोलायची, "कोण हुती ती? सांगायचं तरी हुतंस!" पल्लवी दारात आली की गप्प व्हायची.

पाचव्या दिवशी पहाटे ती बोटांवर मोजत बसली. चौऱ्याऐंशीचं म्हणजे आता चाळिशीचं झालं असेल. मुलगा का मुलगी? नाक मानसिंगचं घेतलं असेल तर लपायचं नाही. त्या बाईनं त्याला काय सांगितलं असेल, बाप कुठं गेला म्हणून? रागाच्या आडून हे दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते तिला आवरेना. उठून तिनं फोटो भिंतीवरून काढला, पदरानं पुसला, पिशवीत घातला. लेकरानं बाप म्हातारा झालेला बघितला नसेल. हयातीचा दाखला नि ते कार्ड घेऊन तिनं साताऱ्याची एसटी धरली.

माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या कार्यालयात इंद्रजित नावाचा कारकून होता; स्वतःही फौजेतून आलेला. दाखल्याचं काम त्यानं दहा मिनिटांत केलं. तरी म्हातारी उठेना.

"आणि काय मावशी?"

तिनं कार्ड पुढं सरकवलं. आवाज खाली आणून म्हणाली, "ह्या लेकराचं नाव-गाव लिवलंय का बघा. मी भांडाय आली न्हाई. नुसतं बघायचं हाय."

"कुठलं लेकरू?"

"इश्यू एक."

इंद्रजितनं कार्ड उलटसुलट केलं. उठून खिडकीच्या काचेवर दाबून धरलं आणि पुसलेली ओळ लागेपर्यंत बघत राहिला. परत येऊन बसला तेव्हा त्याला हसू आलं होतं, पण म्हातारीच्या मांडीवरचा फोटो दिसला आणि त्यानं ते गिळलं.

"मावशी, हे आमच्या स्टोअरचं कार्ड हाय. जवानाला सामान दिलं की त्याला इश्यू म्हणतो आमी. हितं लिवलंय, ब्लँकेट. एक कांबळ दिलं हुतं हवालदारसाहेबांना. लेकरूबिकरू काय न्हाई."

"नीट बघा की."

"नीटच बघितलं. निर्धास्त राहा. माणूस चांगला हुता तुमचा."

"व्हय," रंगूबाई म्हणाली. "चांगलाच हुता." तिनं फोटो पिशवीत ठेवला, कार्ड त्यावर ठेवलं. इंद्रजितनं पाणी दिलं, ते तिनं सगळं पिऊन टाकलं.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. शेजारी पुसेसावळीकडची एक बाई बसली होती. मांडीवर नातू. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या, मूठभर रंगूबाईच्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "आवं, तुमाला पोरंबाळं किती?"

गाडी स्टँडातून वळली. रंगूबाईनं एक शेंग फोडली, दाणे त्या नातवाच्या तळहातावर ठेवले.

"एक हाय," ती म्हणाली. "लांब आसतंय. तिकडं आसामात."

"येतंय का भेटाय?"

"न्हाई वो. लय लांब पडतंय."

बाई हळहळली. रंगूबाईनं दुसरी शेंग फोडायला घेतली.