चंपाबाईंनी लावलेला निळा

राणीनं इलेक्ट्रिक गिटार घरी आणली तेव्हा ती काळीकुट्ट होती. त्या काळ्यावर कधीतरी स्टिकर चिकटवलेले, मग नखानं खरवडून काढलेले. धारवाडच्या एका मुलानं नवी घेतली म्हणून जुनी हिला दिली होती. राणी दिवसा मोबाईल सर्व्हिस सेंटरमध्ये काम करायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत वाजवायची.

"आवाजाचं माझं मी बघते," ती आईला म्हणाली. "रंगाचं तू बघ. भीमजयंतीला मला निळी पाहिजे. पण ऑइलपेंट मारल्यासारखी नको. आतलं लाकूड दिसायला पाहिजे."

चंपाबाई तारिहाळच्या एका फर्निचर कारखान्यात एकोणीस वर्षं लाकूड घासत होत्या. पलंग, कपाटं, देव्हारे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. तळवा फिरवला की कुठं खरबरीत राहिलंय ते त्यांना डोळे मिटूनसुद्धा कळायचं. पण घासायचं बायकांनी आणि रंग लावायचा मेस्त्रीनं, असा तिथला रिवाज. कुणी लिहून ठेवला नव्हता, मोडलाही नव्हता. एकोणीस वर्षांत स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, बोळा त्यांच्या हातात कधी आला नव्हता.

पहिल्या रविवारी राणीनं तारा काढल्या, मान सोडवली, आतल्या वायरी आणि बटणं काढून डब्यात ठेवली. उरली ती दोन शिंगांची जाड फळी. कारखान्यातल्या बाळाप्पा मेस्त्रींकडून चंपाबाईंनी हीट गन मागून आणली होती. दारासमोर खुर्ची टाकून, नाकातोंडाला फडकं बांधून त्या बसल्या. रंग कसला, काचच होती ती. गरम हवेनं फुगा आला की खालून पातळ पत्रा सारायचा, मग एक कपची निघायची. घाई केली तर लाकूड करपणार. दोन रविवार त्यातच गेले.

"निघालं की सगळं!" राणी म्हणाली.

चंपाबाईंनी ओल्या फडक्यानं फळी पुसली. बहुतेक जागा गडद झाल्या, पण मधे मधे फिकट डाग तसेच राहिले.

"हे बघ. इथं लाकूड पाणी पीत नाही. म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारं सीलर आहे अजून. रंगसुद्धा पिणार नाही. उद्या सगळी निळी होईल नि इथं कोड आल्यासारखं दिसेल."

राणीला धीर नव्हता. मधल्या वारी आई कामावर असताना तिनं शेजारच्या गोविंदाकडून ड्रिल आणलं, त्याला घासायची चकती लावली आणि फळीवर चालवली. संध्याकाळी चंपाबाई बसमधून उतरून घरी आल्या तर पोरगी ओट्यावर तोंड पाडून बसलेली. लाकडावर गोल गोल ओरखडे पडले होते आणि एका कडेला चकतीनं चांगला खड्डा पाडला होता.

चंपाबाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी फळी मांडीवर घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या बाजूच्या कडेवरून फिरवला.

"पुट्टी भरायची का?" राणीनं हळूच विचारलं.

"पुट्टी लपत नाही स्टेनखाली. ही कड आता अशीच राहणार. दुसरी तिच्यासारखी करायची."

"दुसरीसुद्धा खोल करणार?"

"खोल नाही. हाताला बसेल अशी."

पुढचे दोन रविवार त्या घासत राहिल्या. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, रेषेच्या दिशेनंच. ऐंशी नंबरनं ओरखडे काढले, मग बारीक बारीक होत एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस. मग पाण्याचा हात फिरवून लाकडाची उभी राहिलेली लव वाळू दिली आणि ती परत साफ केली. दोन्ही कडांना सारखा, मऊ उतार आला. राणीनं फळी पोटाशी धरून पाहिली. हाताची कोपराखालची बाजू त्या उतारावर अशी टेकली की जणू तिचं माप घेऊनच केलंय.

"आई, कंपनीच्या गिटारीला असं नसतं गं," ती म्हणाली.

रंग लावायला बाळाप्पा मेस्त्री आले. येताना निळा स्टेन आणि तो गडद करायला थोडा काळा घेऊन आले. वायरींच्या खोबणीत, जिथं वरून झाकण बसतं, तिथं त्यांनी थोडा निळा लावून पाहिला. पिवळसर लाकडावर निळ्याचं हिरवट पाणी झालं.

"हे नाही जमायचं, चंपक्का," बाळाप्पा म्हणाले. "पांढरा प्रायमर मारू आणि वर निळा पेंट. दुरून कोण बघायलंय?"

राणीनं आईकडं बघितलं. चंपाबाई खोबणीत वाकून बघत होत्या. जुन्या वळणाची कपाटं करताना बाळाप्पाच आधी काळा हात द्यायचे, तो घासून काढायला लावायचे आणि मग वर तपकिरी. घासून काढणारा हात कुणाचा होता?

"अण्णा, आधी काळा देऊ," त्या म्हणाल्या. "वरचा घासून काढते. रेषांत बसेल तेवढाच ठेवते. मग त्यावर निळा. पिवळेपणा दबेल."

"निळ्याखाली काळा मी कधी लावला नाही."

"तुम्ही बसा. मी लावते."

बाळाप्पा बसले.

चंपाबाईंनी बोळा काळ्यात बुडवला, पिळला. लाकूड एकदा रंग प्यालं की परत देत नाही. फळी कोळशासारखी झाली तेव्हा राणीनं तोंडावर हात धरला. वाळल्यावर चंपाबाईंनी तीनशेवीसचा पेपर घेतला आणि हलक्या हातानं काळा मागं काढायला लागल्या. हळूहळू लाकूड उजळलं आणि रेषा तेवढ्या काळ्या राहिल्या, नदीच्या पाण्यावर प्रवाहाच्या रेघा दिसतात तशा. मग निळा. एक हात, दुसरा हात. मधे गडद, कडेला जरा मोकळा.

खरा निळा उतरला. आत लाकूड जिवंत दिसत होतं.

बाळाप्पा उठून जवळ आले. फळी उन्हात तिरकी धरून त्यांनी बराच वेळ पाहिली.

"भाळ छलो आगेद," फार छान झालंय, असं ते कानडीत पुटपुटले. मग मराठीत विचारलं, "शिंगाच्या टोकाला लाकूड जास्ती रंग पितं. तिथं काळं नाही झालं. कसं केलंस?"

एकोणीस वर्षांत मेस्त्रींनी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. चंपाबाईंनी सावकाश सांगितलं, तिथला भाग जास्त बारीक पेपरनं घासून ठेवला होता, म्हणून कमी प्याला. बाळाप्पांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात कारखान्यात एका वकिलाच्या कपाटाची दारं आली, तेव्हा स्टेनचा डबा त्यांनी आपणहून चंपाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

जयंतीच्या दिवशी मंडपात जागा मिळत नव्हती. चंपाबाई पांढरी साडी नेसून बायकांत बसल्या होत्या. राणी स्टेजवर आली, गिटार गळ्यात घातली, आणि दिव्याच्या उजेडात तो निळा मागच्या बाकापर्यंत लखलखला. शेजारची बाई पुढं वाकली.

"अगं बाई, कसली देखणी आहे! कुठून मागवली म्हणायची?"

बाळाप्पा मेस्त्रींनी रंगाचे डबे आणले होते, हीट गन दिली होती, वरचं चमकीचं लॅकरही त्यांनीच मारलं होतं. हे सगळं चंपाबाई मागाहून सांगणारच होत्या. पण आधी त्यांनी पदर सावरला आणि ताठ बसून म्हणाल्या,

"मागवली नाही. रंग माझ्या हातचा आहे. वाजवणारीपण माझीच."

तेवढ्यात राणीनं पहिली तार छेडली.