बेचिराख गावाचा पूल

तानुबाईनं सरकारी कागद तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा गोकुळच्या हातातून ओढून घेतला, जसं काही तिच्या हातात आल्यावर अक्षरं बदलणार होती. तानुबाई डोंगरसावळीची सरपंच, गोकुळ तिथला ग्रामसेवक. कागदात लिहिलं होतं की डोंगरसावळी हे गाव बेचिराख आहे, तिथं दिवा लावायलाही कोणी राहत नाही. सबब नाल्यावरच्या पुलाचा प्रस्ताव रद्द.

या पुलाचा तानुबाईनं ध्यास घेतला होता. गेल्या पावसाळ्यात तिची सून सारिका नाल्याच्या काठी अडकली, पूर काही उतरेना, आणि बाळंतपण बैलगाडीतच उरकावं लागलं. मायलेकी वाचल्या हे नशीब.

चूक तशी कोणाचीच नव्हती. फार पूर्वी प्लेगच्या साली अख्खं गाव उठून रानात गेलं होतं. तेव्हापासून आषाढातल्या एका मंगळवारी गाव सोडायची रीत आहे. गुराढोरांसकट सगळे रानातल्या आमराईत जातात, तिथंच शिजवून खातात आणि सूर्य बुडाल्यावर परततात. पाहणीचा साहेब नेमका त्याच मंगळवारी उगवला. साठ दारांना कड्या, एक चूल पेटलेली नाही, पंचायतीच्या ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं. साहेबानं जागच्या जागी पंचनामा केला. कुत्र्याचीही सही घेतली असती, पण त्यानं डोळा उघडला नाही.

तानुबाई गोकुळला घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या बाबूनं रहिवासी दाखला मागितला. दाखला कोण देतं, तर सरपंच. मग तिनं तिथंच लिहून दिला. बाबू शांतपणे म्हणाला, जे गाव नाही त्याला सरपंच कुठला? तानुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बाबू तोवर डबा खायला उठला होता.

परतीच्या एसटीत गोकुळनं मोबाईलवर काहीतरी वाचलं.

"फ्रान्स देशात अशी काई गावं हायेत, तानुबाई. पयल्या महायुद्धात पार मातीत गेली. आज तथी एक मानूस राहत नाई. पन सरपंच हाय, आन मेलेल्या गावाचं स्मारक हाय."

"मंग मत कोन देते?"

"मत द्याले कोन राह्यलं? सरकारच नेमते."

तानुबाईला त्या परक्या सरपंचाचा भारी हेवा वाटला. बिचाऱ्याच्या मागं ना नळाची तक्रार, ना कोणाच्या बांधाचं भांडण. "तथी मानूस नाई त सरपंच हाय," ती म्हणाली, "इथं तीनशे मानसं हायेत त गाव नाई." उतरताना तिनं विचारलं, "स्मारक पाह्याले लोक जात असतीन ना? मधात नाला असला त कसे जातीन?"

दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज गेला. प्लेगात बेचिराख झालेल्या डोंगरसावळीचं स्मारक व्हावं, आणि तिथं जाण्यासाठी नाल्यावर पूल व्हावा. जित्या गावाची फाईल सहा वर्षं हलली नव्हती, मेलेल्या गावाची दोन महिन्यांत मंजूर झाली. उन्हाळा संपायच्या आत पूल उभा राहिला. पलीकडं स्मारक म्हणून एक काळा दगडही रोवला.

उद्घाटनाला पाहणीचा तोच साहेब आला. एवढी माणसं पाहून चपापला आणि त्यानं कुठून आलात म्हणून विचारलं.

"पाहुने हाओ, साहेब," तानुबाई म्हणाली. "मयतीले आलो."

साहेबाला गहिवरून आलं. त्यानं दिवंगत गावासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. साऱ्या डोंगरसावळीनं स्वतःसाठी मान खाली घातली. म्हातारा कडूबा तर खरंच रडत होता. तेवढ्यात सारिकाच्या कडेवरची पोरगी भोकाड पसरून रडायला लागली आणि साहेबानं डोळे उघडले.

तानुबाईनं नातीला घेतलं, पदराखाली लपवलं आणि तिच्या कानाशी पुटपुटली, "दोन मिनिटं मरून राह्य, माय. मंग पुलावरून घरी जाऊ."